कथलाचा थेंब

कलासीपाळ्यातले ड्रायव्हर नागोजीरावांना पाठीमागे ‘कान’ म्हणत. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळली की हा माणूस हातातलं काम न सोडता, मान वर न करता सांगायचा, “तिसरं नोझल टपकतंय,” किंवा “हवा धरलीय, आधी हवा काढा.” बहुतेक वेळा तेच निघायचं. तेव्हा डिझेलच्या मोटारी बेंगळुरात फार नव्हत्या. रघुपती नावाच्या एका गॅरेजवाल्यानं जुन्या अमेरिकन गाड्यांची पेट्रोलची इंजिनं काढून तिथं डिझेलची बसवायला सुरुवात केली आणि त्या गाड्या टॅक्सी म्हणून सोडल्या. नागोजीराव त्याचे पहिले मेकॅनिक. रघुपतीला गाडी विकत घेता यायची, ती चालती ठेवायचे नागोजीराव.

घर शिवाजीनगरच्या मार्केटमागच्या गल्लीत. पूर्वज केव्हातरी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, तीही कानडीची फोडणी दिलेली. दाराबाहेर कानडी आणि तमिळ. बायको कमला, आणि धाकटा भाऊ परसू. परसू रघुपतीचीच टॅक्सी चालवायचा. देखणा, बोलका, केसांना तेल लावून भांग पाडणारा. दारूला शिवत नसे. लग्नाच्या वरातीत मित्रांनी बळेच ग्लास पुढे केला तर गाडीची किल्ली दाखवून म्हणायचा, “ही माझी बायको, तिला वास सहन होत नाही.”

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात परसूच्या टॅक्सीचा दम जाऊ लागला. सपाटीवर गाडी नीट, चढ आला की खेचेना. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी इंजिन नुसतं घुमायचं. नागोजीरावांनी फिल्टर बदलला, टाकीतली नळी फुंकून साफ केली, इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं काढून तपासली. शेवटी फीड पंप उघडला. टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलणारा हा छोटा पंप. त्याच्या आतला पडदा चिरला होता. भार नसला की पुरेसं डिझेल जायचं, भार आला की इंजिन उपाशी.

“मालक, नवीन पंप पाहिजे,” त्यांनी रघुपतीला सांगितलं. “हा कुठं दगा देईल सांगता येत नाही.”

तसला पंप मिळणं सोपं नव्हतं. रघुपतीनं मद्रासला माणूस पाठवला, आणि पंप आला. नागोजीरावांनी स्वतः खोका उघडला होता, तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा पंप हातात घेऊन पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले तेव्हा तो पंप रघुपतीच्या स्वतःच्या हिरव्या गाडीला बसलेला होता. तिलाही त्यानं हौसेनं डिझेलचं इंजिन घातलं होतं, आणि तिच्या पंपाची कुरकुर नुकतीच सुरू झाली होती.

“परसूच्या गाडीला पुढच्या खेपेला आणू,” रघुपती म्हणाला. “तोवर सांभाळून चालव म्हणावं. स्वल्प हळू.”

पुढची खेप आलीच नाही. तुमकूर रस्त्यावर, नेलमंगलाच्या अलीकडच्या चढावर, परसू उतारू आणायला रिकामी गाडी घेऊन निघाला होता. पुढं गवतानं भरलेली बैलगाडी. त्यानं हॉर्न दिला, गाडी उजवीकडे काढली, आणि बैलगाडीच्या बरोबरीला येताच इंजिनानं दम सोडला. ना पुढं जाता येई, ना मागं. वरून लॉरी उतरत होती.

परसू वाचला, पण उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

त्याहून वाईट झालं ते ठाण्यात. गाडीत दोष होता असं ठरलं असतं तर मालकाची मान अडकली असती. रघुपतीनं पोलिसांना सांगितलं, “पोरगा चांगला होता, पण पिण्याची सवय. मी किती वेळा ताकीद दिली होती.” परसू तेव्हा इस्पितळात शुद्धीवरही नव्हता. नागोजीराव ठाण्यात जाऊन ओरडले, पंपाचं सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही त्याचे भाऊ ना?” बस. कागदावर दारू लिहिली गेली. स्टँडवर, गल्लीत, चिकपेटात नातेवाइकांच्या दुकानात, सगळीकडे तेच झालं. ज्या मुलीशी परसूचं ठरत आलं होतं त्या घरून निरोप आला की आमची पोरगी अजून लहान आहे.

सगळ्यांना वाटलं नागोजीराव आता रघुपतीचं काम सोडतील. त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले, डबा खुंटीला टांगला आणि पाना उचलला. लोक म्हणाले, लाचार आहे. कमलाही एकदा तोंडावर म्हणाली, “भावाचा पाय गेला आणि तुम्ही त्याचीच चाकरी करता?”

“गाडी तिथं आहे,” नागोजीराव म्हणाले. “मी दुसरीकडे जाऊन काय करू?”

कमलाला तेव्हा अर्थ लागला नाही.

हिरव्या गाडीला रघुपती जिवापाड जपायचा. तिचं बॉनेट उघडताना तो स्वतः शेजारी उभा राही. नागोजीरावांनी तिच्या इंजिनाला हात लावला नाही. गाडी धुवायला काढली होती, रघुपती आत जेवायला बसला होता, तेव्हा त्यांनी फक्त टाकीचं झाकण काढलं आणि आपल्या टेबलाशी नेलं.

टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. इंजिन जेवढं डिझेल ओढेल तेवढी हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. हवा आली नाही तर टाकी आतून ओढ धरते, पंप आपल्याकडे खेचतो तर टाकी आपल्याकडे, आणि थोड्या वेळानं इंजिनाला पुरेसं डिझेल मिळेनासं होतं. झाकण उघडलं की हवा शिरते आणि गाडी पुन्हा ठीक. नागोजीरावांनी झाकणाची आतली चकती उचलली, कथलाचा एक थेंब छिद्रावर सोडला, घासून सपाट केला, वर काळं तेल चोळलं आणि झाकण जागेवर लावून आले.

तिथून रघुपतीचे हाल सुरू झाले. गाडी मार्केटच्या तोंडाशी, ऐन गर्दीत गचके खाऊन थांबे. रिक्षावाले, घोड्यांचे जटकेवाले शिव्या देत. एकदा व्याह्यांना स्टेशनवरून आणताना थांबली आणि व्याह्यांनी सामानासकट जटका केला. ड्रायव्हर शिवाप्पा उतरायचा, डिझेल आहे का बघायला टाकीचं झाकण काढून आत काठी घालायचा, मग नळीत धरलेली हवा काढून स्टार्टर मारायचा, आणि गाडी मुकाट्यानं चालू लागायची. गॅरेजमध्ये आणली की कसलाच दोष दिसत नसे. रघुपतीनं फिल्टर बदलला. नोझलं बदलली. मुख्य पंप उतरवून मद्रासला धाडला, तो ‘ठीक आहे’ म्हणून परत आला.

“तुझा कान काय म्हणतो, नागोजी?” रघुपती काकुळतीला येऊन विचारायचा.

“काही कळत नाही मालक,” नागोजीराव म्हणायचे. “फीड पंप तर नवा आहे.”

हे शेवटचं वाक्य ते दर वेळी म्हणत, रघुपतीच्या डोळ्यात बघून.

संध्याकाळी घरी येऊन ते परसूला सांगत. परसू भिंतीला टेकून, कुबड्या मांडीवर घेऊन वाट बघत बसलेला असे. “आज कुठं थांबली?” हा त्याचा पहिला प्रश्न. “ॲव्हेन्यू रोडला,” असं ऐकलं की तो डोळे मिटून हसायचा, मग खोदून खोदून विचारायचा. किती लोक जमले? ढकलायला कोण आलं? मालक स्वतः उतरला का? उन्हात उभा राहिला का? अपघातानंतर त्याच्या तोंडावर तेवढाच काय तो तजेला दिसे. नागोजीरावांना वाटे, पायाच्या बदल्यात आपण भावाला एवढं तरी देतो आहोत.

असं वर्षभर तरी चाललं असेल. मग एका दुपारी रघुपती चिडून वेडा झाला. नवी मोठी गिऱ्हाइकं बरोबर असताना गाडी थांबली होती. त्यानं शिवाप्पाला टॅक्सीस्टँडवर, सगळ्यांसमोर, मुस्काटात मारली. तू डिझेल विकतोस, वर रॉकेल ओततोस, म्हणून गाडी बंद पडते. चोर कुठला. उद्यापासून येऊ नकोस, आणि तुझं लायसन कसं राहतं तेही बघतो.

शिवाप्पा निपाणीकडचा. उंच, शांत, कमी बोलणारा. त्या रविवारी सकाळी तो नागोजीरावांच्या दारात येऊन उभा राहिला. कमलानं पाट मांडला, तो बसला नाही.

“अण्णा, एक विचारू काय?”

“विचार की.”

“टाकी भरली की गाडी लवकर थांबत्या. निम्मी असली की लांब जात्या. सगळी म्हणतात पेट्रोल बंकातलं डिझेल खराब. मग खाली उरलेलं डिझेलबी तेच की. ते कसं चांगलं?”

नागोजीरावांनी त्याला बसायची खूण केली.

“मी इचार केला. भरल्या टाकीत हवा कमी. निम्म्या टाकीत हवा जास्त. आणि झाकण उघडलं की दर वेळी आत काहीतरी ओढल्यासारखा आवाज येतोय. काल चावी परत द्यायला गेलो तेव्हा झाकणाचं छिद्र तोंडाला लावून फुंकलं. फुंक जाईना. नखानं चकती उचकटली.” शिवाप्पानं नागोजीरावांच्या हातांकडे पाहिलं. “कचरा अडकला असता तर मी काय बोललो नसतो. कथील आहे त्यात अण्णा. डाग दिलाय कुणीतरी. गॅरेजात डाग कोण देतंय?”

कमला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आत्ता तिला सगळं कळलं.

आतून परसूचा आवाज आला. “मारली ती थप्पडच ना? दोन पाय आहेत ना तुला अजून?”

शिवाप्पा आत वळला. परसूला त्यानं प्रथमच असं पाहिलं असावं. त्या रिकाम्या लुंगीकडे बघून तो म्हणाला, “आहेत. पर चोराला गाडी कोण देणार? तुम्हाला दारुडा म्हटला, मला चोर म्हटला. तुमच्या वक्ताला त्यानं आपण होऊन म्हटलं. माझ्या वक्ताला ते त्याच्या तोंडात कुणी घातलं?”

परसूनं तोंड फिरवलं. नागोजीराव उठले, शिवाप्पाच्या पुढं जाऊन उभे राहिले.

“झाकण परत होतं तसं लावलंस?”

“लावलं.”

“कुणाला बोललास?”

“अजून नाही.”

“थोडा थांब. तुझं नाव मी साफ करून देतो. आणि ह्याचंही.”

शिवाप्पा होकार देत “सरी” म्हणाला आणि निघून गेला. कमलानं त्या दिवशी नवऱ्याला विचारलं, “आता पुरे ना? काढून टाका तो थेंब.”

“काढणार,” ते म्हणाले. “पण त्यानं एकदा चव घेतल्यावर.”

ड्रायव्हर गेल्यामुळे रघुपती आता स्वतः गाडी चालवत होता. नागोजीराव त्याला म्हणाले, “मालक, गॅरेजात उभ्या गाडीचा दोष दिसत नाही. लांब घेऊन चला. चढावर ऐकतो. टाकी भरून घ्या, म्हणजे मधे थांबायला नको.”

रघुपती खूश झाला. इतक्या दिवसांनी ‘कान’ मनावर घेत होता. बंकावर टाकी गच्च भरली आणि दोघं तुमकूर रस्त्याला लागले. सकाळ स्वच्छ होती. रघुपती वाटेत आपल्या नव्या घराविषयी, मुलाच्या शिक्षणाविषयी बोलत होता. नागोजीराव इंजिन ऐकत होते. नेलमंगला जवळ आलं तसा आवाज किंचित जाड झाला. दुसऱ्या कुणाला कळला नसता. त्यांना कळलं की आता फार वेळ नाही.

चढ सुरू झाला. पुढं विटांनी भरलेली बैलगाडी चालली होती.

“काढा मालक,” नागोजीराव म्हणाले.

“वरून काही येत नाही ना?”

“काढा.”

रघुपतीनं हॉर्न देऊन गाडी उजवीकडे घेतली. बैलांच्या बरोबरीला आले आणि इंजिनानं गचका खाल्ला. रघुपतीनं ॲक्सिलरेटर दाबला, पुन्हा दाबला, लाथ मारावी तसा दाबला. गाडी जड झाली, रांगू लागली, आणि मेली. डावीकडे बैल, उजवीकडे खोल चर. वरच्या वळणातून लॉरी निघाली.

“नागोजी! नागोजी, काय करू?”

नागोजीराव हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी समोर पाहिलं, दार उघडायचा प्रयत्नही केला नाही. रघुपती ओरडत होता, स्टार्टर मारत होता. लॉरीवाल्यानं ब्रेक लावले. चाकं फरफटत आली, लॉरी रस्त्यावर आडवी वळली, तिचं मागचं चाक चरात उतरलं, आणि तिचा दर्शनी भाग हिरव्या गाडीच्या नाकापुढं हातभर अंतरावर थांबला.

धूळ बसली. रघुपतीचं धोतर ओलं झालं होतं.

“आता ठाण्यात जाऊन सांगा मालक,” नागोजीराव म्हणाले, “सकाळपासून किती प्यालात ते.”

रघुपतीला आधी समजलं नाही. मग समजलं. तो दार उघडून कसाबसा उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसला. नागोजीरावांनी मागं जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा दोघांनाही ऐकू आला. त्यांनी चकती काढून थेंब त्याच्यापुढं धरला.

“तू मला मारणार होतास,” रघुपती म्हणाला.

“मीपण गाडीतच होतो.”

“तुला तुरुंगात घालीन मी.”

“घाला. कोर्टात विचारतील, का केलंस. मग परसूचा पंप कुठल्या गाडीला लागला ते सांगायला मला जागा तरी मिळेल. ठाण्यात मिळाली नव्हती.”

लॉरीवाला शिव्या देत उतरला होता. पांढऱ्या मिशांचा म्हातारा माणूस, चरातल्या चाकापाशी जाऊन खाली बसला. त्याच्याकडे बघताना मात्र नागोजीरावांची मान खाली गेली. त्यांनी त्याला पाणी दिलं, जमलेल्या लोकांना हाताशी धरून त्याचं चाक चरातून काढून दिलं. झाकणाच्या जागी चिंधी कोंबून हिरवी गाडी परत त्यांनीच चालवत आणली. वाटेत एवढंच म्हणाले, “ठाण्यातले कागद राहू देत. स्टँडवर चला आणि सगळ्यांसमोर खरं सांगा.”

त्यांनी जटका पाठवून परसूला बोलावून घेतलं, शिवाप्पालाही निरोप गेला. ड्रायव्हर जमले. परसू कुबड्यांवर उभा होता, भांग पाडलेला, कितीतरी दिवसांनी. रघुपती कानडीत बोलला, खाली बघत. परसू त्या दिवशी प्यालेला नव्हता. पंप खराब आहे हे मला ठाऊक होतं. आलेला पंप मी माझ्या गाडीला लावला. शिवाप्पानं चोरी केलेली नाही.

सगळे परसूकडे वळले. मग परसूचा आवाज आला. “मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

रघुपतीनं त्याच्याकडे पाहिलं. परसू हलला नाही. रघुपतीला सगळं पुन्हा सांगावं लागलं, पहिल्यापासून, ओरडून.

नागोजीरावांचं काम त्याच दिवशी सुटलं. दुसरं मिळेना. ड्रायव्हर त्यांना मान द्यायचे, पण मालकाच्या गाडीशी असं करणाऱ्या मेकॅनिकला कुठला मालक गॅरेजात घेणार? बरेच दिवस हाल झाले. शेवटी घरासमोरच्या पडवीत त्यांनी टेबल टाकलं. नोझल तपासायचं, पंप खोलून बसवायचं काम बसून होतं, ते परसू शिकला. हाताचा दांडा दाबून नोझलमधून डिझेलचा फवारा काढायचा, तो धुक्यासारखा सुटतो की थेंबाथेंबानं गळतो ते बघायचं. वर्षभरात लॉरीवाले थेट परसूला विचारत येऊ लागले. त्याचं लग्न मात्र झालं नाही.

शिवाप्पाला दुसऱ्या एका मालकाची गाडी मिळाली. तो त्या गल्लीतून जायचा, पण पडवीसमोर कधी थांबला नाही. नागोजीरावांनी एकदा हाक मारली तेव्हा गाडीतूनच म्हणाला, “तुमच्या भांडणातली थप्पड मी खाल्ली अण्णा. ती अजून माझ्याच गालावर हाय.” आणि गेला. त्याच्या गाडीचा पंप बिघडला तरी त्यानं दुसरीकडे नेला.

रघुपतीनं हिरवी गाडी विकली. पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही म्हणतात. सदुसष्ट सालात तो गेला. बातमी पडवीत आली तेव्हा दोघं भाऊ काम करत होते. परसूनं दांडा दाबायचा थांबवला नाही. नागोजीरावांनी हात पुसले आणि पुन्हा पाना उचलला. दोघांपैकी कुणीही मर्तिकाला गेलं नाही.

जेवताना कमलानं विचारलं, “पुन्हा तशी वेळ आली तर तसंच कराल?”

नागोजीरावांनी घास खाऊन संपवला. मग म्हणाले, “शिवाप्पाला आधी बाजूला काढीन. त्या म्हाताऱ्याच्या लॉरीसमोर गाडी नेणार नाही.” त्यांनी ताटात पाणी फिरवलं. “बाकी सगळं तसंच.”